न्हाणी (मराठवाडा)

घरातली अंग धुण्याची जागा. न्हाणीघर असेही म्हणतात. मराठवाड्यातल्या जुन्या धाब्याच्या (सपाट मातीच्या छताच्या) घरांत ती बहुधा परसात असे : बुडाला शहाबादी फरशी, कमरेएवढी भिंत, दाराच्या जागी गोणपाट नाहीतर जुने लुगडे. आडोसा एवढाच, म्हणून बायकांच्या आंघोळी उजाडायच्या आत उरकत.

आंघोळ आणि न्हाणे हे दोन शब्द एक नव्हेत. आंघोळ रोजची, न्हाणे डोक्यावरून, ठरल्या वारी, शिकेकाई किंवा रिठे उकळून. पाणी चुलीवरच्या हंड्यात किंवा तांब्याच्या बंबात तापे, जळण तुराट्या-पऱ्हाट्यांचे, म्हणजे तुरीच्या आणि कापसाच्या वाळल्या काड्यांचे. घंगाळातल्या कढत पाण्यात मिसळायचे गार पाणी म्हणजे विसण. ‘विसण घाल गं’ ही हाक न्हाणीतून हमखास येई. टाचा घासायला वज्री (खरखरीत घासणी), ती नसली तर खापराचा तुकडा. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, क्षारांशी मिळून त्याचा चिकट साका होतो. शिकेकाईचे तसे होत नाही. तरी पुडीतल्या शाम्पूपुढे ती मागे पडलीच.

टंचाईत न्हाणीचा सगळा हिशेब बदलतो. मोठ्या परातीत बसून आंघोळ करायची, खाली साचलेले पाणी पायपुसण्या, फडकी धुवायला आणि शेवटी दारच्या झाडाला. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून रेल्वेच्या १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी लातूरला आले. ते पिण्यासाठी होते. अशा दिवसांत पहिली कात्री लागते ती न्हाण्याला आणि अंथरुणे धुण्याला, मग खरूज एकाकडून दुसऱ्याकडे जात घरभर फिरते. स्वच्छतेच्या सवयींवर भाषण देणाऱ्यांनी आधी घरातल्या घागरी मोजाव्यात.

पाणी मुबलक असले तर अडचण उलटी. न्हाणीची मोरी गल्लीत उघडी, तिथे डबके, डबक्यात डास. त्यावर शोषखड्ड्याचा, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्याचा, उपाय नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने करून दाखवला. साधारण चार फूट खोल खड्डा, मध्ये भोके पाडलेली टाकी, भोवती दगडगोटे. टाकीत साचणारा गाळ, केस अधूनमधून काढावे लागतात. खड्डा मुरमाला लागला तर पाणी मुरते. नुसत्या काळ्या चिकण मातीत मात्र तो पावसाळ्यात तुंबतो आणि मोरीचा पाइप पुन्हा गल्लीत सोडला जातो.