हुकाची सुरक्षा-खिट्टी

हुकाची सुरक्षा-खिट्टी : भार उचलण्याच्या हुकाचे उघडे तोंड झाकणारी, फक्त आतल्या बाजूला उघडणारी आणि स्प्रिंगच्या जोरावर आपोआप मिटणारी पट्टी. कारखान्यात, गोदीत आणि बांधकामावर तिला सेफ्टी लॅच किंवा नुसते लॅच म्हणतात. हुकासाठी आकडा हा मराठी शब्द आहे. पण तो संख्येच्या अर्थाने इतका रुळला आहे की ‘पाच टनी आकडा’ म्हटल्यावर ऐकणारा वजनाचा हिशेब करू लागतो. म्हणून या नोंदीत हुक हाच शब्द ठेवला आहे. क्रेनचा मुख्य हुक, चेन कप्पीचा हुक, साखळी किंवा तारदोराच्या स्लिंगच्या (भाराला बांधून उचलायच्या दोराच्या) टोकाचा हुक अशा सर्वांवर ही खिट्टी आढळते.

कार्य : खिट्टी भार पेलते, हा समज चुकीचा असला तरी बराच पसरलेला आहे. स्लिंग ताणलेली असते तेव्हा तिचा फासा किंवा कडी हुकाच्या तळाशी, म्हणजे बैठकीत बसलेली असते आणि भारच तिला तिथे दाबून ठेवतो. त्या अवस्थेत खिट्टीला काही काम नसते. तिची गरज लागते ती ताण गेल्यावर. उदाहरणार्थ, लेथचा बेड ट्रेलरवर लाकडी ठोकळ्यांवर टेकवला जातो. चालक हुक वीतभर जास्त खाली सोडतो. कडी सैल पडते. तारदोर ताठर असल्याने तो स्वतःच्या पिळाने उसळतो आणि कडी हुकाच्या टोकाकडे चढते. ठोकळा सरकवायचा म्हणून सिग्नल देणारा ‘थोडं वर घे’ असा हात करतो आणि आता तीच कडी हुकाच्या टोकावर लटकलेली असते. हुकाची सांगितलेली क्षमता बैठकीतल्या भारासाठी असते. टोकावर भार आला तर ती सुमारे ४० टक्क्यांवर येते, असे उत्पादकांच्या प्रचलित तक्त्यांत दाखवतात. शिवाय टोकावरची कडी निसटायला जरासा हेलकावा पुरतो. खिट्टी जागेवर असेल तर कडी तिच्यापाशी अडते आणि ताण येताच पुन्हा बैठकीत जाते.

रचना : सर्वसाधारण खिट्टी दाबकाम केलेल्या पत्र्याची किंवा लहान घडीव तुकड्याची असते. हुक घडवतानाच त्याच्या मानेखाली एक छिद्र असलेला उंचवटा ठेवतात. त्यातून जाणाऱ्या पिनवर खिट्टी फिरते आणि पिनेभोवतीची पिळाची स्प्रिंग तिला बाहेर ढकलून तिचे टोक हुकाच्या टोकाच्या आतल्या अंगाला टेकवून ठेवते. कडी अडकवताना खिट्टी आत ढकलली जाते, कडी आत शिरली की ती खट्कन मिटते. उंचवटा नसलेल्या जुन्या हुकांसाठी मानेभोवती पट्ट्याने आवळून बसवायचे संच मिळतात. तयार हुकावर वेल्डिंग करून खिट्टी लावणे मात्र प्रचलित मानकांना अमान्य आहे. घडीव पोलादाला उष्णोपचाराने आलेला चिवटपणा वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागी बिघडतो आणि तडा जाण्याची सुरुवात तिथूनच होते. पाचपन्नास रुपयांच्या पट्टीसाठी हजारोंचा हुक बाद करण्याचा हा प्रकार लहान वर्कशॉपांत होत असतो.

खिट्टीला स्वतःचा सुरक्षित कार्यभार नसतो. दोन किंवा अधिक पायांची स्लिंग थेट हुकात घालून त्या पायांतला कोन ९० अंशांहून अधिक ठेवला, तर दोर हुकाच्या टोकाकडे आणि खिट्टीकडे फाकतो व खिट्टी वाकते. अशा वेळी मधे मास्टर लिंक (सर्व पाय एकत्र धरणारी मोठी कडी) किंवा शॅकल (पिनने बंद होणारी नालाच्या आकाराची कडी) घालतात. याहून फसवा दोष म्हणजे कडीचे उलटणे : कडी पिळली जाऊन हुकाच्या टोकावरून बाहेरच्या अंगाला येते, खिट्टीला बाहेरून दाबते, आणि आत उघडणारी खिट्टी मुकाट्याने वाट देते. उंचीवर काम करणाऱ्याच्या पट्ट्याच्या हुकांत हाच दोष जीवघेणा ठरत असल्याने अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून त्या कामासाठी फक्त कुलूपबंद होणारे हुक वापरण्याचे बंधन आले. पुढे २००७ च्या अमेरिकी मानकात त्यांच्या फाटकाची, म्हणजे तोंड झाकणाऱ्या खिट्टीची, समोरून सोसण्याची ताकद सुमारे १ किलोन्यूटनवरून १६ किलोन्यूटनवर नेण्यात आली. क्रेनच्या हुकाच्या खिट्टीला असे बळ कधी मागितले गेले नाही, कारण तिचे काम सैल कडी अडवण्यापुरतेच मानले गेले आहे. या दोन हुकांची गल्लत पुष्कळ प्रशिक्षण-पुस्तिकांतही दिसते.

स्वयंबंद हुकाची रचना निराळी आहे. त्यात खालचा अख्खा जबडा फिरतो, भार आला की भारानेच मिटतो व कुलूपबंद होतो. भार असेपर्यंत तो उघडता येत नाही. मोकळा झाल्यावर पाठीमागचा खटका दाबावा लागतो. युरोपीय मानक ईएन १६७७ च्या दुसऱ्या भागात ग्रेड ८ पोलादाचे खिट्टीवाले हुक आणि तिसऱ्या भागात स्वयंबंद हुक असे दोन्ही वेगळे धरले आहेत.

उगम : खिट्टी केव्हा आली याचे नेमके साल देणे अवघड आहे. तिच्या पूर्वजाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार ती शिडाच्या जहाजांवरील एका बांधणीतून आली. कप्पीचा हुक अडकवल्यावर खलाशी त्याच्या टोकापासून पाठीपर्यंत बारीक सुतळीचे काही वेढे घेत, त्या वेढ्यांना मधोमध आडवे वेढे देऊन आवळत आणि गाठ मारत. इंग्रजी नौकानयनात या बांधणीला माउसिंग म्हणतात आणि एकोणिसाव्या शतकातील नौकानयनाच्या पाठ्यपुस्तकांत तिची कृती मिळते. बांधणीने तोंड तर बंद होईच, पण हुक उघडू पाहिला तर त्यालाही ती थोडाफार धरून ठेवी. दुसरे मत घोड्याच्या सामानातील स्प्रिंगच्या हुकांकडे बोट दाखवते. लगामाच्या व तंगाच्या कड्या पटकन लावता-सोडता याव्यात म्हणून त्यांत स्प्रिंगची जीभ असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा हुकांची पेटंटे विपुल निघाली आणि तीच कल्पना मोठ्या हुकावर गेली, असे हे मत मानणारे म्हणतात.

दोन्ही मतांत फारसा विरोध नसावा. तोंड बंद ठेवण्याची गरज जहाजाने शिकवली आणि यंत्रणा घोड्याच्या सामानाने दिली, हे अधिक संभवनीय वाटते. माउसिंग या शब्दाची व्युत्पत्तीही वादग्रस्त आहे. कोणी तो तोंड या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी जोडतात. परंतु जहाजाच्या डोलकाठीच्या ताणदोरावर सुतळी गुंडाळून जो उंदरासारखा फुगवटा करत, त्याला माउस म्हणजे उंदीर म्हणत. तिथून गुंडाळण्याच्या क्रियेला आणि मग हुकाच्या बांधणीला ते नाव आले, ही उपपत्ती जास्त पटणारी आहे. तोंडाशी लावलेला संबंध बहुधा नंतरचा, ध्वनिसाम्यावरून सुचलेला असावा.

मुंबईत प्रिन्सेस डॉक (१८८०), व्हिक्टोरिया डॉक (१८८८) आणि अलेक्झांड्रा डॉक (१९१४, आताचे इंदिरा डॉक) बांधले गेले, तेव्हा जहाजावरचे हुक आणि गोदीतील क्रेनचे हुक एकाच धक्क्यावर आले. खलाशी हा शब्दही जहाजावरून उतरून रेल्वेच्या व इतर कारखान्यांत गेला. अवजड भार बांधणाऱ्या-उचलणाऱ्या कामगाराला तिथे आजही खलाशी म्हणतात. त्याच्यामागून जुनी बांधणीही आली. खिट्टी तुटली की हुकाच्या तोंडावर बाइंडिंग वायरचे चार वेढे घेतलेले दिसतात, ती माउसिंगच होय. फरक इतकाच की जहाजावर एकदा अडकवलेला हुक दिवसेंदिवस तसाच राही, तर शेडमधला हुक दिवसातून पन्नासदा सुटतो. वायर पहिल्यांदा कापली की दुसऱ्यांदा बांधायला कोणी थांबत नाही.

आकार की खिट्टी : ब्रिटनमधील १९६१ च्या बांधकाम उचलकाम नियमांत हुकाबाबत दोन पर्याय होते. एक तर स्लिंग किंवा भार निसटू न देणारे परिणामकारक साधन हुकाला असावे, नाही तर निसटण्याचा धोका शक्य तितका कमी करील असा हुकाचा आकारच असावा. दुसऱ्या पर्यायामागे गोदीचा अनुभव आहे. तिथे वापरला जाणारा, लिव्हरपूल बंदराचे नाव मिळालेला हुक टोकाशी आत वळलेला असतो आणि त्याच्या तोंडावर वरून चोचीसारखा भाग पुढे आलेला असतो. त्यामुळे कडी सहसा निसटत नाही. शिवाय मोकळा हुक जहाजाच्या पोटातून वर येताना झाकणाच्या काठाला अडकत नाही. गोदीतल्या माणसांना हा दुसरा गुण पहिल्याइतकाच मोलाचा होता, कारण अडकलेला हुक क्रेनलाच ओढतो. या हुकात तुटण्यासारखा एकही सुटा भाग नाही, हे आकाराच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे आजही खोडता येत नाही. तरी कारखान्यांत, जिथे कड्यांची मापे रोज बदलतात, तिथे खिट्टीच टिकली.

भारतात कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ मध्ये हुकाचा समावेश उचल-सामग्रीत होता. सामग्री निर्दोष व पुरेशा ताकदीची असावी, नीट राखलेली असावी, सुरक्षित कार्यभार तिच्यावर ठळक लिहिलेला असावा आणि सक्षम व्यक्तीने १२ महिन्यांतून निदान एकदा तिची कसून तपासणी करावी, असे त्यात होते. खिट्टीचा नावाने उल्लेख मात्र कलमात नव्हता. ती ‘नीट राखलेली’ या शब्दांतून आणि खरेदीच्या अटींतून येई. गोदी कामगारांचा १९८६ चा व बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा वेगळे होते. आता हे तिन्ही २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावले आहेत.

यांत्रिक अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेचे (एएसएमई) हुकांसाठीचे मानक बी ३०.१० खिट्टीची अपेक्षा धरते, पण तिच्यामुळे धोका वाढत असेल तर सूटही देते. ही सूट सर्वांत स्पष्टपणे मांडली गेली ती २००१ च्या पोलादी सांगाड्यांच्या उभारणीच्या अमेरिकी नियमांत : पर्लिन (छताच्या आडव्या पट्ट्या) आणि सुटे जॉइस्ट (हलक्या तुळया) चढवताना खिट्टी निकामी ठेवणे अधिक सुरक्षित आहे असे पात्र रिगरने, म्हणजे भार बांधणाऱ्या जाणकाराने, ठरवले, तर ती तशी ठेवता येते. कारण साधे आहे. अजून न बांधलेल्या, डुगडुगणाऱ्या तुळईवर चालत जाऊन हुक सोडवणे हे कडी निसटण्यापेक्षा मोठे संकट ठरू शकते. उलट माणसांचा पाळणा उचलताना साधी खिट्टी पुरत नाही. तिथे तोंड पूर्ण बंद होऊन कुलूप लागणारा हुकच लागतो. ओतशाळेचे रुंद तोंडाचे हुक, वितळलेल्या धातूच्या लेडलचे (बादलीसारख्या भांड्याचे) पाट्यांचे थर जोडून केलेले हुक आणि नळांच्या टोकांत घालायचे अणकुचीदार हुक बिनखिट्टीचेच असतात.

तपासणी : खिट्टीचा एक उपयोग तिच्या निर्मात्यांनी बहुधा योजला नव्हता. अतिभाराने हुक उघडू लागतो, पण डोळ्यांना ते लवकर कळत नाही. म्हणून नव्या हुकाच्या तोंडाच्या दोन्ही अंगांना सेंटर पंचने (टोकदार ठोकणीने) एकेक खूण करतात आणि दर तपासणीत त्यांतले अंतर कॅलिपरने मोजतात. बी ३०.१० च्या अलीकडच्या आवृत्त्यांनुसार हे अंतर मूळच्या ५ टक्क्यांहून, आणि कोणत्याही परिस्थितीत ६ मिमी.हून अधिक वाढले तर हुक काढून टाकतात; पूर्वी १५ टक्के चालत असत. खुणांमधले मूळ अंतर ६० मिमी. असेल तर आता ३ मिमी. वाढ पुरे, पूर्वी ९ मिमी.पर्यंत कोणी हटकत नसे. झीज मूळ मापाच्या १० टक्क्यांपलीकडे गेली तरीही हुक बाद होतो. कॅलिपर खिशात नसताना खिट्टीच माप देते. तिचे टोक हुकाच्या टोकाखाली न टेकता बाहेर निसटत असेल, तर एक तर ती वाकली आहे किंवा हुक उघडला आहे. तपासणाऱ्याने आधी हुकाचा संशय घ्यावा. प्रत्यक्षात उलटे घडते : नवी, जरा लांब खिट्टी मागवली जाते आणि उघडलेला हुक कामावर राहतो.

स्प्रिंग हा सर्वांत कच्चा भाग होय. सिमेंटची धूळ, भट्टीची आच आणि किनारपट्टीची खारी हवा यांनी ती मरते. अंगठ्याने खिट्टी दाबून सोडली की ती तत्काळ परत यायला हवी. हुक उलटा धरला की लोंबकळणारी खिट्टी नसल्यातच जमा धरतात. राम्सहॉर्न नावाच्या दुहेरी हुकाला दोन खिट्ट्या असतात, त्या स्वतंत्रपणे तपासतात.