थंडीसाठी दिलेली नळी

पेट्रोल गाडीचं बोनट उघडा आणि एअर फिल्टरच्या डब्यातून निघणारा जाड काळा पाइप नजरेने पकडत इंजिनापर्यंत जा. तो ज्या झडपेच्या तोंडाशी संपतो ती थ्रॉटल बॉडी. बऱ्याच गाड्यांत तिला बोटाएवढ्या जाडीच्या दोन रबरी नळ्या जोडलेल्या असतात. एकीतून इंजिनातलं गरम कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रंगीत पाणी, येतं, दुसरीतून परत जातं. इंजिन ज्या तोंडाने श्वास घेतं तेच तोंड नव्वद अंशांच्या पाण्याने शेकायचं, हे मे महिन्यात सायनच्या सिग्नलला घामाघूम बसलेल्या माणसाला पटणं कठीण. गार हवा दाट असते, दाट हवेत ऑक्सिजन जास्त, म्हणजे ताकद जास्त. म्हणून हौशी मंडळी दोन्ही नळ्या थ्रॉटलवरून काढतात, त्यांची टोकं एकमेकांना जोडतात आणि कूलंट परस्पर फिरवतात. लागतं काय, तर एक जोडणी आणि दोन क्लिपा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हे सगळं मिळतं. युक्तिवाद एकच असतो: आपल्याकडे थंडी आहेच कुठे?

हा युक्तिवाद तपासून बघण्यासारखा आहे, कारण तो इथे बरोबर आहे आणि बोनटखाली वीतभर पलीकडे साफ चुकीचा.

थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते तेव्हा हवा एका बारीक फटीतून ओढली जाते. इंजिन नुसतं सुरू ठेवलेलं असताना त्या फटीतला वेग ध्वनीच्या वेगाच्या आसपास पोचतो, आणि एवढ्या वेगात हवेचं तापमान क्षणभर चांगलंच घसरतं. पुढे वेग मंदावला की ते परत चढतं. पण बाहेर शून्याच्या आसपास तापमान आणि हवेत ओल असेल, तर तेवढ्यात झडपेच्या कडेला बर्फ धरतो. इंजिनाच्या पोटातून परत आत घेतली जाणारी वाफही ओलीच असते, तीही तिथेच गोठते. मग पाय ॲक्सिलरेटरच्या पेडलवरून उचलला तरी झडप मिटत नाही. हमरस्त्यावर हे जिवावरचं काम आहे. कंपनी एकच इंजिन हिमाच्छादित देशांतही विकते आणि आपल्याकडेही, म्हणून नळी सगळ्यांनाच मिळते.

कार्ब्युरेटरच्या काळात मात्र गोष्ट एवढी सरळ नव्हती. इंजेक्टरच्या आधीच्या या यंत्रात पेट्रोल थ्रॉटलपाशीच, एका अरुंद गळ्यात हवेत मिसळतं, आणि पेट्रोलची वाफ होताना ती आजूबाजूची उष्णता ओढून घेते. तापमान वीस-पंचवीस अंशांनीही उतरू शकतं. त्यामुळे बाहेर वीस अंश आणि दमट हवा असली तरी कार्ब्युरेटरात बर्फ होऊ शकतो. छोटी विमानं चालवणाऱ्यांना हे आजही शिकवलं जातं. डिसेंबरातल्या मुंबईच्या पहाटेची हवा या वर्णनात बसते. पण कार्ब्युरेटरवाल्या प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सीसुद्धा २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. आताच्या गाड्यांत इंजेक्टर पेट्रोल थ्रॉटलच्या बरंच पुढे, सिलिंडरच्या दाराशी किंवा थेट आतच फवारतो. सांताक्रूझ वेधशाळेतली नीचांकी नोंद जानेवारी १९६२ची, ७.४ अंशांची. इंजेक्शनच्या गाडीचा थ्रॉटल मुंबईत गोठणार नाही. नळी काढली तर त्या बाजूने काही बिघडत नाही.

मिळतं काय, ते मोजू. १.२ लिटरचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर, पेडल पूर्ण दाबलेलं. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोट भरतं, म्हणजे मिनिटाला साधारण १८०० लिटर हवा, सेकंदाला ३०. थ्रॉटलचं भोक ४५ मिलिमीटरचं धरलं तर हवा सेकंदाला सुमारे १९ मीटर वेगाने जाते. सहा सेंटिमीटर लांबीचा तो गरम भाग ती तीन सहस्रांश सेकंदात पार करते. भिंत ९० अंशांची आणि हवा ४० अंशांची असली, तरी एवढ्या वेळात हवा तापते ती जेमतेम एका अंशाने. एका अंशाने घनता ०.३ टक्के बदलते. ८० अश्वशक्तीच्या इंजिनात हा फरक पाव अश्वशक्तीचा. एसीचा कॉम्प्रेसर याच्या कितीतरी पट खातो.

मग इतकी माणसं शपथेवर फरक सांगतात ते कसं? नळी काढल्यावर थ्रॉटल बॉडीला हात लावून बघतात. धातू खरंच पूर्वीपेक्षा थंड असतो. पण हात धातूला लागतो, आणि इंजिनात जाते ती हवा.

हवा तापते ती त्याच्या बरीच आधी. फिल्टरच्या डब्याला बहुतेक गाड्यांत प्लास्टिकचं एक नळकांडं असतं, जे हेडलाइटच्या मागून किंवा ग्रिलच्या वरच्या कडेने बाहेरची हवा घेतं. सर्व्हिसिंगमध्ये ते काढलं जातं, कधी चीर जाते, कधी परत नीट बसवलंच जात नाही. मग फिल्टर रेडिएटरमागची भाजलेली हवा ओढतो. बाहेर ३५ आणि बोनटखाली ६० अंश धरले, तर घनता साडेसात टक्क्यांनी कमी होते. पाव अश्वशक्तीसाठी कूलंट सांडण्याआधी हे नळकांडं जागेवर आहे का, ते बघावं. फुकटचं काम आहे. याच्याच पुढची हौस म्हणजे हवेचं तोंड खाली बंपरमध्ये नेणं. ती मुंबईत करू नये. अंधेरी किंवा मिलन सबवेत पाणी भरलं की ते तोंड आधी बुडतं, सिलिंडरमध्ये पाणी जातं, पाणी दाबलं जात नाही आणि पिस्टनचा दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकतो. कंपनीने ते उंचावर ठेवलंय ते काही उगाच नाही.

एवढं वाचूनही नळी वळवायचीच असेल, तर हरकत नाही. रविवार सकाळचं काम आहे आणि बोनटखाली काय कुठे आहे ते कळतं. वॉरंटी चालू असेल तर मात्र राहू द्या. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर दाबाखालचं कूलंट उकळत तोंडावर येतं. दोन्ही नळ्या काढून पितळी जोडणीने एकमेकींना जोडायच्या, किंवा कूलंटसाठीच्या रबराचा एक अखंड तुकडा टाकायचा. टोकांना बूच मारून बंद करायच्या नाहीत: काही इंजिनांत हाच कूलंटच्या परतीचा आणि आतली हवा बाहेर पडण्याचा मार्ग असतो. नंतर कूलंट भरून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, सिस्टिममध्ये अडकलेली हवा काढायची. मेकॅनिक ज्याला ‘एअर पकडली’ म्हणतात ती राहून गेली, तर तापमानाचा काटा ठीक दाखवत असतानाही हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, तापू शकतं. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, आणि सोसायटीच्या पार्किंगमधली मांजरं ते चाटतात.

जुन्या काही जपानी गाड्यांत आणखी एक पेच आहे. थ्रॉटलखाली मेणाची एक छोटी झडप असते. थंड इंजिनाला ती जास्त हवा देते आणि गरम कूलंट लागलं की मिटते. नळी वळवली की तिला गरम पाणी लागतच नाही आणि आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, कायम चढलेलं राहतं. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, असेल तर दुसरी काळजी. टर्बोला जाणाऱ्या नळ्याही अशाच बारीक दिसतात, पण त्यांना हात लावायचा नाही. गाडी बंद केल्यावरही तापलेल्या बेअरिंगची उष्णता त्यांतलं कूलंटच वाहून नेतं, नाहीतर तिथलं तेल जळून कोळसा होतो.

कूलंटची वाट बदलून खरोखर फरक पडतो असंही उदाहरण आहे. माझदाने १९८९मध्ये आणलेल्या एमएक्स-५ या छोट्या स्पोर्ट्स कारचं इंजिन मूळचं पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, आडव्या इंजिनाच्या गाडीतलं. त्या गाडीत पाणी एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडे. एमएक्स-५मध्ये इंजिन गाडीच्या लांबीत उभं बसवलं तेव्हा बाहेर पडायचं तोंडही पुढे, पंपाच्याच बाजूला आणलं. पाणी सोप्या वाटेने जातं, त्यामुळे मागचा चौथा सिलिंडर इतरांपेक्षा गरम राहू लागला. रोजच्या वापरात त्याने काही अडत नाही. पण इंजिनाला टर्बो लावून शर्यतीत पळवणारे लोक बाहेर पडायचं तोंड परत मागे नेतात, आणि त्यांचा खटाटोप सार्थकी लागतो. प्रत्येक सिलिंडरवरून किती पाणी वाहतं, हेच तिथे बदलतं.

आता ‘आपल्याकडे थंडी कुठे’ची चुकीची बाजू. याच तर्काने आपल्याकडे थर्मोस्टॅट काढून टाकतात. गाडी गरम होते म्हटलं की कित्येक गॅरेजांत पहिला बळी त्याचा. थर्मोस्टॅटमध्येही मेणच असतं. ऐंशीच्या पुढे ते वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि रेडिएटरची वाट उघडतं. तो काढला की रिकाम्या रस्त्यावर इंजिन हवं तितकं तापत नाही. इंजिनाच्या संगणकाला वाटतं गाडी आत्ताच सुरू झालीय, तो पेट्रोल जास्त सोडतो, आणि ऑइलमध्ये उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. गंमत पुढेच आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन तबकड्या असतात: एक रेडिएटरची वाट उघडते, त्याच वेळी दुसरी आतल्या आत फिरण्याची वाट बंद करते. तो काढला की ही दुसरी वाट कायम उघडी. गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटर न बघताच इंजिनात परतत राहतो. ट्रॅफिकमध्ये गाडी उलट जास्त तापू शकते.

कूलंटऐवजी नळाचं पाणी ओतणारेही हाच तर्क देतात. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण झाकणाच्या दाबाखाली १२५ अंशांपुढेच उकळतं, नुसतं पाणी १२० अंशांना. शिवाय ॲल्युमिनियमच्या हेडला आणि वॉटर पंपाला गंजापासून वाचवणारी रसायनं त्या रंगीत पाण्यातच असतात. गोठण्यापासूनचं संरक्षण आपल्याला नकोच होतं, बाकीचं सगळं हवं आहे.

थर्मोस्टॅटवर शंका असेल तर तपासणी घरी होते. त्याच्या अंगावर तापमान कोरलेलं असतं, बहुधा ८२ किंवा ८८. दोऱ्याने बांधून पाण्याच्या भांड्यात अधांतरी सोडा, शेजारी थर्मामीटर ठेवा आणि गॅस लावा. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश मागेपुढे तो उघडायला लागला आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडला, तर तो ठीक आहे आणि गरम होण्याचं कारण पंख्यात, चोंदलेल्या रेडिएटरात किंवा पंपात शोधायला हवं. उघडला नाही तर नवा बसवा, सोबत त्याची रबरी रिंगही नवीच.