आहारातील सेलेनियम आणि कर्करोग प्रतिबंध

सेलेनियम हे शरीराला अत्यल्प प्रमाणात, पण रोज लागणारे मूलद्रव्य आहे. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८१७ मध्ये ते शोधले आणि चंद्रदेवता सेलेनीवरून त्याचे नाव ठेवले. भारतात प्रौढांसाठी दिवसाला सुमारे ४० मायक्रोग्रॅम पुरेसे मानतात. माणसाच्या शरीरातली पंचवीसेक प्रथिने सेलेनियमवर चालतात. त्यांपैकी ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे एन्झाइम पेशीत साचणारी पेरॉक्साइड ही घातक संयुगे निकामी करते, त्यामुळे डीएनएची झीज, जिच्यातून कर्करोग उद्भवू शकतो, ती कमी होते. कर्करोग टाळण्याशी सेलेनियमचा संबंध जोडला गेला तो इथूनच.

अन्नात सेलेनियम किती, हे ठरते जमिनीवर. एकाच वाणाचा गहू दोन वेगळ्या जमिनींत पेरला तर दोन्हींतले प्रमाण वेगळे भरते. नाशिकच्या ताटात बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि फोडलेला कांदा असतो. याच जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठकडे नागली, भात, उडीद आणि सुकट. यात धान्य, कडधान्य, अंडी व मासळी हे सेलेनियमचे मुख्य स्रोत. कांदा-लसूण जमिनीतले सेलेनियम चांगले शोषतात, परंतु आपण खातो ते प्रमाण पाहता लासलगावच्या कांद्याला कर्करोगावरचा उपाय म्हणणे चुकीचे ठरेल. शिवाय रेशनचा गहू बहुधा परराज्यातून येतो. त्यामुळे गोदाकाठची माती तपासून नाशिककरांच्या रक्तातले सेलेनियम सांगता येत नाही. दीर्घकाळचे प्रमाण पाहायला संशोधक पायाच्या नखांची कात्रणे वापरतात.

ज्यांच्या रक्तात सेलेनियम कमी, त्यांना काही कर्करोग अधिक होतात, असे निरीक्षणांत अनेकदा दिसले. चीनच्या लिनशियानमध्ये कुपोषित लोकांना बीटा-कॅरोटीन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र दिल्यावर कर्करोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष १९९३ चा. घट तिन्हींपैकी कशामुळे झाली, हे त्यातून कळत नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतील संशोधक क्लार्क यांच्या १,३१२ रुग्णांच्या चाचणीत रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिल्याने त्वचेचा कर्करोग टळला नाही, मात्र कर्करोगाचे एकूण मृत्यू निम्म्यावर आले. आशा वाढली ती या आकड्याने.

ती पारखण्यासाठी २००१ मध्ये ‘सिलेक्ट’ चाचणी सुरू झाली. तीत ३५ हजारांहून अधिक पुरुष होते. प्रोस्टेट या पुरुषांमधल्या ग्रंथीच्या कर्करोगावर सेलेनियमचा काहीच फायदा दिसेना, म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. पुढे, २०१४ च्या विश्लेषणात, ज्यांच्या शरीरात मुळातच सेलेनियम भरपूर होते त्यांच्यात गोळीमुळे आक्रमक प्रोस्टेट कर्करोगाचा धोका वाढलेला आढळला. म्हणजे कमतरता भरून काढणे वेगळे आणि भरलेल्या हंड्यात आणखी ओतणे वेगळे. आज मेडिकलमधली सेलेनियमची ‘अँटिऑक्सिडंट’ गोळी कर्करोग टाळण्यासाठी घ्यावी, याला पुरावा नाही. तंबाखू, गुटखा, मिश्रीने होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगावर तर ती मुळीच उतारा नाही. तिथे ती सवय सोडणे हाच प्रतिबंध.

जास्त सेलेनियम विषारीही ठरते. पंजाबात नवाँशहर-होशियारपूर भागात जमिनीतच ते अधिक असून तिथल्या गव्हात उतरते. असे अन्न दीर्घकाळ पोटात गेले तर केस गळतात, नखे ठिसूळ होऊन तुटतात आणि लसूण न खाताही श्वासाला लसणाचा वास येतो.