शिक्षण धोरणातील शिक्षकांचा सहभाग (पुणे)

अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके, परीक्षा, शिक्षकांची संख्या, शाळेची वेळ आणि शाळेचा रोजचा कारभार यांविषयी निर्णय होत असताना वर्गात प्रत्यक्ष शिकवणाऱ्यांना असलेले स्थान. महाराष्ट्रात या विषयाचा विचार पुण्याला वगळून करता येत नाही. मंत्रालय मुंबईत असले, तरी शिक्षण आयुक्तालय आणि प्राथमिक व माध्यमिक शिक्षण संचालनालये सेंट्रल बिल्डिंगमध्ये आहेत. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद (एससीईआरटी) सदाशिव पेठेत कुमठेकर रस्त्यावर, बालभारती सेनापती बापट रस्त्यावर, दहावी-बारावीचे राज्य मंडळ शिवाजीनगरला. शिष्यवृत्ती परीक्षा आणि शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) घेणारी परीक्षा परिषदही याच शहरात. रिक्षा केली तर ही सगळी कार्यालये एका दिवसात पालथी घालता येतील. गडचिरोलीच्या शाळेत पोहोचलेल्या परिपत्रकावर पुण्याचा पत्ता असतो, आणि शिक्षकांचे मोर्चेही त्याच पत्त्यावर येऊन थडकतात.

शिक्षकाला कुठेच जागा नाही, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. ती खरी नाही. कायद्यात, समित्यांमध्ये, अगदी विधान परिषदेतही शिक्षकांसाठी जागा राखलेल्या आहेत. अडचण आहे ती वेळेची. निर्णय व्हायच्या आधी शिक्षकाला क्वचितच विचारले जाते. तो झाल्यावर मात्र ‘अंमलबजावणीसाठी’ प्रशिक्षणाला हमखास बोलावले जाते.

पूर्वपीठिका

पुण्यात शिक्षकांनी शिक्षणव्यवस्थेविषयी जाहीरपणे बोलण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू करणाऱ्या जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगाला निवेदन दिले. वरच्या वर्गाच्या शिक्षणावर सरकारचा पैसा खर्च होतो आणि शेतकऱ्याचे मूल शाळेबाहेर राहते, हा त्याचा गाभा. पण त्यात प्राथमिक शिक्षकांविषयीही बारकाईने लिहिले आहे. शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, त्यांना दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. गावचे हिशेब तपासणे, दस्तनोंदणी, टपाल अशी कामे शिक्षकाकडे दिल्यास त्याचा गावातला मान वाढेल, असेही त्यांनी सुचवले होते. आज शिक्षकांचे पहिले गाऱ्हाणे अशैक्षणिक कामांचे असते, हे लक्षात घेता ही सूचना वाचताना गंमत वाटते. अर्थात फुल्यांना अभिप्रेत होता तो गावकारभारातला अधिकार; आज शिक्षकाच्या वाट्याला येते ती माहिती भरण्याची हमाली.

त्याआधी, १८६१ पासून, शिक्षकांसाठी ‘शालापत्रक’ हे मासिक निघत असे. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ते चालवले. सरकारची नाराजी ओढवल्याने १८७५ मध्ये ते बंद पडले. विष्णुशास्त्री स्वतः सरकारी शाळेत शिक्षक होते. १८७९ मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि १ जानेवारी १८८० रोजी टिळकांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले.

या शाळेतून १८८४ मध्ये उभ्या राहिलेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने जो प्रयोग केला, त्याची दखल या विषयात पुरेशी घेतली जात नाही. संस्थेचे आजीव सभासद हेच तिचे शिक्षक आणि तेच चालक होते. वीस वर्षे सेवेची बांधिलकी, बेताचे वेतन आणि कारभारात समान मत अशी ती रचना. अभ्यासक्रम काय, नवा वर्ग काढायचा की नाही, पैसा कुठे खर्चायचा, हे शिकवणारेच बसून ठरवत. भांडणेही तशीच झाली. सभासदांनी बाहेरची कामे घ्यावीत का, जादा पैसे मिळवावेत का, यावरून मतभेद विकोपाला गेले आणि १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. हा वाद बहुतेक चरित्रांत व्यक्तींचा संघर्ष म्हणून येतो. खरे तर शिक्षकांच्या हाती कारभार आला की पहिला प्रश्न शिक्षकांच्याच शिस्तीचा उभा राहतो, हे त्यातून दिसते. पुढे अनुदानाची पद्धत रुळली, नियम सरकारचे आणि शाळा संस्थाचालकांची अशी विभागणी झाली, आणि बहुतेक ठिकाणी शिक्षक नोकरदार झाला.

कायद्यातील जागा

खाजगी अनुदानित शाळांत शिक्षकाला मिळालेले मोठे संरक्षण म्हणजे १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम आणि त्याखालील १९८१ ची नियमावली. स्टाफरूममध्ये तिला ‘एमईपीएस’ म्हणतात. संस्थाचालकाने तोंडी ‘उद्यापासून येऊ नका’ सांगण्याचे दिवस तिने संपवले. अन्याय झाल्यास शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येऊ लागली. याच नियमावलीत शाळा समितीची तरतूद आहे. व्यवस्थापनाचे चार प्रतिनिधी, मुख्याध्यापक सचिव, आणि कायम शिक्षकांपैकी एक जण, सेवाज्येष्ठतेने दरवर्षी पाळीपाळीने. चारास एक, आणि तोही वर्षभरापुरता. पाळी आलेला शिक्षक समितीत काय बोलतो, हे बऱ्याचदा त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी किंवा निवडश्रेणीची फाईल कुठे अडली आहे यावर ठरते.

जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांत चित्र वेगळे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली आणि तिच्यात ७५ टक्के पालक ठेवले. उरलेल्या २५ टक्क्यांत स्थानिक स्वराज्य संस्थेचा सदस्य आणि शिक्षणप्रेमी नागरिक यांच्याबरोबर शिक्षकांचा प्रतिनिधी असतो. मुख्याध्यापक सदस्य सचिव. पालकांना दिलेले हे झुकते माप योग्यच आहे. पण समितीच्या हातात प्रत्यक्ष काय उरते, हेही पाहावे लागते. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून गणवेशाची खरेदी समित्यांकडून काढून घेण्यात आली. पहिलीतल्या मुलाच्या मापाचा गणवेश आणि त्याच्या प्रत्यक्ष अंगाचे माप यांत किती फरक असतो, हे कोणत्याही बाईंनी एका वाक्यात सांगितले असते. मापे चुकली, कपडे उशिरा आले, आणि त्याच शैक्षणिक वर्षात ही खरेदी पुन्हा समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला.

याच कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना इतर कामाला लावता येत नाही. निवडणुकीच्या अपवादातच बीएलओचे (मतदार याद्या सांभाळणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे) काम बसते, जे एका दिवसाचे नसून वर्षभर चालते. राज्य शासनाने २३ ऑगस्ट २०२४ रोजी शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा शासन निर्णय काढला, तोही संघटनांच्या अनेक वर्षांच्या रेट्यानंतर. शालेय पोषण आहाराचा तांदूळ (पहिली ते पाचवीसाठी मुलामागे १०० ग्रॅम, सहावी ते आठवीसाठी १५०) मोजून त्याची नोंद ॲपवर चढवण्यात दोनशिक्षकी शाळेतल्या एका शिक्षकाची सकाळ जाते. दुसरा तोवर चार इयत्ता सांभाळतो.

पाठ्यपुस्तके आणि परीक्षा

धोरणाच्या सगळ्या पायऱ्यांपैकी पाठ्यपुस्तक ही शिक्षकाचा हात सर्वांत स्पष्ट दिसणारी पायरी. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या बालभारतीच्या विषय समित्या आणि अभ्यासगटांत शाळांतले शिक्षक असतात. त्यांची नावे पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर छापली जातात. छपाईआधी मसुदा राज्याच्या वेगवेगळ्या भागांतल्या निवडक शिक्षकांकडे समीक्षणाला जातो. कोकणातल्या मुलाला ‘पाणपोई’ कळेल का, विदर्भातल्या मुलाला ‘खाजण’ कळेल का, अशा जातीचे प्रश्न या टप्प्यावर सुटू शकतात.

पण पुस्तक बाहेर आले की शिक्षक या चर्चेतून गायब होतो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा विधिमंडळापासून दूरचित्रवाणीपर्यंत गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरी संख्यानामे लहान मुलांना कशी अडवतात ते पुन्हा पुन्हा समजावून सांगितले. ‘त्रेसष्ट’ लिहायला सांगितले की पाटीवर ३६ उमटते, हा दुसरीच्या बाईंचा नित्याचा अनुभव. त्या चर्चेत या बाई फारशा कुठे दिसल्या नाहीत.

परीक्षांच्या बाबतीत २०२५ चे उदाहरण बोलके आहे. एससीईआरटीने पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने, ८ ते २५ एप्रिल या काळात घेण्याचे ठरवले. निकाल नेहमीप्रमाणे १ मे रोजी. म्हणजे शेवटचा पेपर आणि निकाल यांच्यामध्ये पाचच दिवस, त्यातही रविवार. पंचावन्नच्या पटाच्या तीन तुकड्या असलेल्या शिक्षकाने उत्तरपत्रिका कधी तपासायच्या, गुणपत्रके कधी भरायची, हा हिशेब मुख्याध्यापक संघांनी मांडला खरा, पण वेळापत्रक हाती पडल्यावर.

खालून वर गेलेले प्रयोग

उलट दिशेची उदाहरणेही पुणे विभागातलीच आहेत. सातारा तालुक्यातील कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेला शाळांचा गट) जिल्हा परिषद शाळांत शिक्षकांनी आणि त्यांच्या विस्तार अधिकाऱ्यांनी ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलाने स्वतः करून-अनुभवून शिकण्याच्या, पद्धतीने पहिली-दुसरीच्या मुलांना वाचते केले. राज्यभरातून शिक्षक गाड्या करून तिथे जाऊ लागले आणि २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयामागे या अनुभवाचे मोठे बळ होते. मात्र निर्णय होताच अनेक ठिकाणी वर्गाची फरशी अक्षरे-अंकांनी रंगवण्यालाच ज्ञानरचनावाद समजले गेले, कारण तपासणीला आलेल्या साहेबांना फरशी लगेच दिसते.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत असे कोड आले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ पुरस्कारांतील कम्युनिटी चॉइस सन्मान मिळाला. असे शिक्षक सत्काराला जरूर बोलावले जातात. त्यांच्या पद्धतीला वेळापत्रकात, बदल्यांच्या नियमांत किंवा प्रशिक्षणाच्या आराखड्यात जागा करून देणे ही निराळी गोष्ट आहे, आणि ती फार कमी वेळा घडते.

अनुभवाची देवघेव व्हावी म्हणून केंद्र (जवळपासच्या शाळांचा गट) पातळीवर दरमहा शिक्षण परिषद भरते. चांगला केंद्रप्रमुख असेल तर तिथे खरोखर आदर्श पाठ होतात, मुलांच्या वह्या समोर ठेवून बोलणे होते. नाहीतर ‘प्रलंबित माहिती’ या एकाच विषयावर दुपार संपते.

आंदोलने आणि संघटना

शिक्षक संघ, शिक्षक समिती, शिक्षक परिषद, शिक्षक भारती, टीडीएफ (टीचर्स डेमोक्रॅटिक फ्रंट), मुख्याध्यापक संघ अशा संघटनांची पुण्यात दाटी आहे. त्यांचे बळ मुख्यतः सेवाशर्तींवर खर्च होते, ही टीका जुनी आहे आणि काही अंशी रास्तही. मार्च २०२३ मधला जुन्या पेन्शनसाठीचा संप किंवा त्याच वर्षी फेब्रुवारीत कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकांनी बारावीच्या पेपर तपासणीवर टाकलेला बहिष्कार ही ठळक उदाहरणे. पण सेवाशर्ती आणि शिक्षण यांच्यात रेघ ओढणे दिसते तितके सोपे नाही. ५ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे शिक्षकदिनीच, कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक निवृत्त किंवा कंत्राटी नेमण्याचा शासन निर्णय निघाला. राजगड, भोर, मुळशीच्या डोंगरी वाड्यांतल्या कितीतरी शाळा त्या कक्षेत येत होत्या. २५ सप्टेंबरला प्राथमिक शिक्षकांनी सामूहिक रजा टाकली. हा निर्णय नंतर मागे घेतला गेला. यात शिक्षकाची नोकरी किती आणि वाडीतल्या मुलाची शाळा किती, हे वेगळे काढून दाखवता येणार नाही.

धोरणातील शिक्षक-संघटनांचे स्थान मान्य करणारी शिफारस युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ५ ऑक्टोबर १९६६ रोजीच केली होती. त्याच वर्षी अहवाल देणाऱ्या कोठारी आयोगानेही (केंद्राच्या शिक्षण आयोगानेही) राज्यांत संयुक्त शिक्षक परिषदा नेमण्याची सूचना केली. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी स्थापन केलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ पासून पुण्यात आहे. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण शिक्षकाला अध्यापनपद्धती निवडण्याचे स्वातंत्र्य देऊ करते आणि वर्षाला ५० तासांचे प्रशिक्षणही सांगते.

शिक्षक मतदारसंघ

राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ नुसार विधान परिषदेतील एक बारांश सदस्य शिक्षकांमधून निवडले जातात. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या परिषदेत असे सात मतदारसंघ आहेत. पुणे शिक्षक मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे जिल्हे येतात. मत पसंतीक्रमाने द्यायचे असते. माध्यमिक किंवा त्यावरच्या स्तराच्या शाळा-महाविद्यालयात गेल्या सहा वर्षांपैकी किमान तीन वर्षे शिकवलेल्यांनाच हा हक्क आहे. त्यामुळे पहिली ते चौथीची शाळा चालवणाऱ्या जिल्हा परिषदेच्या गुरुजींना ‘शिक्षक आमदार’ निवडता येत नाही. शासनाच्या सर्वाधिक उपक्रमांचा भार मात्र त्यांच्याच शाळांवर पडतो. ही मर्यादा काढावी, अशी मागणी होत आली आहे. त्यासाठी संसदेला कायदा करावा लागेल.

या मतदारसंघातील मतदान १ डिसेंबर २०२० रोजी झाले आणि सदस्याची मुदत सहा वर्षांची असते. मतदार यादी दर निवडणुकीला कोरी धरून नव्याने केली जाते. मागच्या खेपेला मत दिले म्हणून नाव आपोआप राहत नाही. नमुना १९ भरून, मुख्याध्यापकांच्या सेवा प्रमाणपत्रासह पुन्हा अर्ज करावा लागतो.