फोटोतलं ते हिमालयातलं झुडूप, आणि तुमची पिवळी पडलेली अझेलिया

मे-जूनमध्ये सिक्कीम-उत्तराखंड फिरून आलेली मंडळी आमच्या रोपांच्या दुकानात येऊन मोबाइल पुढे करतात, “हे मिळेल का?” फोटोत बहुतेकदा ऱ्होडोडेंड्रॉनचं बुटकं झुडूप असतं. ज्याच्या फुलांचं सरबत तिकडे विकतात तो बुरांस वेगळा, त्याचं झाड होतं. हे जेमतेम गुडघ्याएवढं. नेपाळीत सुनपाती. फुलं पिवळसर पांढरी किंवा फिकट गुलाबी, पानाच्या पाठीला तपकिरी खवले. पान चुरगाळलं की वास येतो, तिकडे धुपात घालतात.

ते आम्ही ठेवत नाही. ३००० ते ५००० मीटर उंचीवर, झाडं संपतात त्याच्याही वर ते वाढतं. हिवाळ्यात बर्फाखाली असतं, म्हणून गार वाऱ्यापासून वाचतं. सोलापूरच्या एप्रिलात त्याला ठेवायचं कुठे? आणून दिलं तर पैसे आमचे, पाप तुमच्या माथी.

त्याच कुळातली अझेलिया मात्र आम्ही संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास आणतो. ती घरी नेली की लोक हौसेनं मोठ्या कुंडीत काळी माती भरून लावतात आणि बोअरचं पाणी घालतात. थोड्या दिवसांत कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मग कुंडी काउंटरवर येते, “रोगट रोप दिलंत!”

रोप रोगट नसतं. या कुळाला आम्लधर्मी माती लागते. आपल्या काळ्या मातीत चुनखडी, पाणी जड (बादलीच्या कडेचा पांढरा थर बघा), म्हणजे आम्लाच्या नेमकं उलट. अशा मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. वरून शेणखत घातलं तरी फरक पडत नाही. म्हणून बिलावर लिहितो: माती बदलल्यास रोप बदलून मिळणार नाही. कुणाला राग येतो, पण दुकानातून जाताना पानं हिरवीच होती.

कुंडी बदलायचीच असेल तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कुजलेला पालापाचोळा वापरा. तयार मिश्रणाची पिशवी आमच्याकडे आहे. पाणी पावसाचं साठवलेलं, नाहीतर एसीच्या नळीतून ठिबकणारं. मुळं केसासारखी बारीक आणि वरच्या थरातच असतात, खुरपं लावू नका. सकाळचं ऊन पुरे. पानं विषारी असतात, शेळीच्या तोंडाला लागू देऊ नका.

एवढं जमणार नसेल तर अडेनियम घ्या, त्याला आपलं ऊन आवडतं. फुललेल्या कुंड्या दारातच मांडल्या आहेत.