नवगुंजराचे पाय किती?

पंधराव्या शतकात सारळा दासांनी ओडिया भाषेत महाभारत लिहिलं. त्यात अर्जुनासमोर एक विलक्षण प्राणी येतो. डोकं कोंबड्याचं, मान मोराची, पाठीवर बैलाचं वशिंड, कंबर सिंहाची आणि शेपटीच्या जागी साप. एक पाय हत्तीचा, एक वाघाचा, एक हरणाचा (काही चित्रांत घोड्याचा), आणि चौथ्या पायाच्या जागी माणसाचा हात, त्या हातात कमळ. अर्जुन आधी धनुष्याला हात घालतो, मग त्याला ओळख पटते. समोर साक्षात भगवंत आहेत हे कळल्यावर तो शस्त्र खाली ठेवून नमस्कार करतो. या रूपाचं नाव नवगुंजर.

मला नवगुंजर फार आवडतो, आणि त्याचं सगळ्यांत जास्त कौतुक वाटतं ते त्याच्या पायांच्या हिशोबाचं. नऊ जीव एकत्र आले, तरी हात-पाय मिळून चारच! कल्पनेला इतकी मोकळीक असतानाही त्या कवीने कणा असलेल्या प्राण्यांचा सर्वांत जुना नियम मोडलेला नाही.

हा नियम सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्या काळात काही माशांच्या परांच्या दोन जोड्यांचे हळूहळू पाय झाले. बेडूक, सरडे, पक्षी, सस्तन प्राणी हे सगळे त्यांचेच वंशज, आणि सगळ्यांकडे वारशाने आलेल्या त्याच दोन जोड्या आहेत. सापांनी दोन्ही गमावल्या, देवमाशांची मागची जोडी आतल्या आत खुरटली. पण तिसरी जोडी नव्याने उगवली, असं या एवढ्या मोठ्या काळात एकाही वंशात घडलेलं नाही. उत्क्रांती असलेल्या अवयवाला वळण देते, त्याला नवं काम लावते. दुसऱ्याचा अवयव आणून जोडणं तिला जमत नाही.

म्हणून पंख असलेल्या पौराणिक प्राण्यांकडे पाहताना मी आधी हात-पाय मोजते. ग्रीकांच्या पेगॅसस घोड्याला चार पाय आणि वर दोन पंख, म्हणजे सहा अवयव. युरोपीय ड्रॅगनचे सहा, देवदूताचे सहा, आणि मानवी हात जोडून उभ्या असलेल्या गरुडमूर्तीचेही सहाच. खऱ्या जगात कणा असलेले प्राणी तीन वेळा स्वतंत्रपणे उडायला शिकले आणि तिन्ही वेळा त्यांना पंखांची किंमत हातांनी मोजावी लागली. वटवाघळाचा पंख लांबलेल्या बोटांमध्ये ताणलेल्या कातडीचा असतो. टेरोसॉर या नामशेष उडत्या सरीसृपांनी सगळा भार एकाच लांबलचक बोटावर टाकला होता. पक्ष्यांनी तर बोटं जवळजवळ मिटवूनच टाकली आणि काम पिसांवर सोपवलं.

अपवाद म्हणावा असा एक प्राणी मात्र आहे, आणि तो आपल्या पश्चिम घाटातल्या जंगलांतही राहतो. उडता सरडा. लिनियसने १७५८ साली या सरड्यांच्या प्रजातीला ‘ड्रॅको’ हे नाव दिलं आणि ते अगदी शोभतं, कारण याला चार पाय शाबूत आहेत आणि वर पंखही आहेत. ते पंख म्हणजे त्याच्या बरगड्या! बरगड्यांपैकी काही लांब होऊन अंगाबाहेर आल्या आहेत, त्यांच्यावर कातडी ताणलेली आहे. झाडाला चिकटून बसलेला असताना तो त्या मिटून ठेवतो, उडी मारताना उघडतो आणि दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. हे पंख फडफडवता येत नाहीत, त्यामुळे याला उड्डाण नव्हे, तरंगणं म्हणायला हवं. तरीही पाय न गमावता पंख मिळवण्याची वाट निसर्गाने काढून दाखवली आहे. पेगॅससचं चित्र काढणाऱ्याने पंख खांद्यावर न लावता बरगड्यांतून काढले असते, तर शरीररचनेच्या अभ्यासकांनी त्याला मनापासून दाद दिली असती.

अर्थात तो घोडा उडाला नसताच, कारण पुढची अडचण वजनाची आहे. गॅलिलिओने १६३८ साली ती मांडून ठेवली. एखाद्या प्राण्याची लांबी, रुंदी, उंची सगळी दुप्पट केली तर त्याचं पृष्ठफळ चौपट होतं, पण वजन आठपट. पंखांचा विस्तार वजनाच्या मागे पडत जातो. आज उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये सर्वांत जड असतात ते माळढोकच्या कुळातले, आणि त्यांतले भले दांडगे नरही अठरा-एकोणीस किलोंच्या आसपासच भरतात. सुमारे साठ लाख वर्षांपूर्वी अर्जेंटिनात राहणारा अर्जेंटाविस हा पक्षी साधारण ७० किलोंचा असावा. क्वेट्झालकोॲटलस हा टेरोसॉर पंख पसरल्यावर दहा मीटरच्या घरात जायचा, आणि त्याचंही वजन दोनशे-अडीचशे किलोंच्या आसपासच धरलं जातं. साधा धडधाकट घोडा पाचशे किलोंचा असतो.

ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ साली एका निबंधात देवदूताचा असाच हिशोब मांडला होता. गरुडाच्या किंवा कबुतराच्या ताकदीचे स्नायू धरले, तर पंख हलवण्यासाठी देवदूताची छाती सुमारे चार फूट पुढे आलेली असायला हवी आणि वजन वाचवण्यासाठी पाय काठ्यांसारखे बारीक. पुढे हॉल्डेन भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि त्यांची अखेरची वर्षं भुवनेश्वरमध्ये, म्हणजे नवगुंजराच्याच प्रदेशात गेली. या योगायोगाचा मला फार आनंद होतो.

मत्स्यकन्येबद्दल थोडक्यात. तिच्या शेपटीवर खवले माशाचे असतात, पण चित्रांत ती पोहते डॉल्फिनसारखी, शेपटी वर-खाली हलवत. मासे कणा डाव्या-उजव्या बाजूंना वळवून पोहतात. सस्तन प्राण्यांचा कणा पुढे-मागे वाकतो, म्हणून डॉल्फिनची शेपटी आडवी असते. कमरेच्या वर माणूस असलेल्या जीवाने सस्तन प्राण्यासारखंच पोहावं हे बरोबर आहे, तेव्हा चित्रकारांचा हात शरीराच्या तर्काला धरून चालला आहे असंच मी म्हणेन. कोलंबसने जानेवारी १४९३ मध्ये कॅरिबियन समुद्रात तीन जलपऱ्या पाहिल्याची नोंद आहे, आणि त्या चित्रांतल्याइतक्या सुंदर नसल्याचंही तिथेच नोंदवलेलं आहे. त्या मॅनाटी, म्हणजे समुद्रगायी असाव्यात.

सगळ्यांत जास्त वेळ मात्र मला एकाक्ष राक्षसापाशी घालवावासा वाटतो. ग्रीक कथांतला सायक्लॉप्स, कपाळाच्या मधोमध एकच डोळा असलेला. ऑस्ट्रियाचे पुराजीवशास्त्रज्ञ ओथेनियो आबेल यांनी १९१४ साली एक कल्पना सुचवली. भूमध्य समुद्रातल्या बेटांवर एके काळी बुटके हत्ती राहत होते. सिसिलीतल्या एका जातीचा पूर्ण वाढलेला हत्ती खांद्याशी जेमतेम एक मीटर उंच होता. हत्तीच्या कवटीत समोर मधोमध एक मोठं भोक असतं. ती नाकपुडीची जागा, तिथून सोंड निघते. डोळ्यांच्या खोबणी बाजूला असतात आणि चटकन नजरेत भरत नाहीत. ज्याने जिवंत हत्ती कधी पाहिलेला नाही, त्याला अशी कवटी गुहेत सापडली तर तो काय समजेल? कथा खरोखर कवटीवरून रचली गेली याचा लेखी पुरावा नाही, पण अशी कवटी एकदा नीट पाहिली की आबेल यांना हे का सुचलं ते लगेच पटतं.

एकाक्षाची दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात मेंढपाळांच्या कळपांत एकच डोळा असलेली कोकरं जन्माला येऊ लागली. ती जगत नसत. बराच शोध घेतल्यावर कारण सापडलं ते डोंगरातल्या कुरणांवर उगवणाऱ्या व्हेराट्रम नावाच्या वनस्पतीत. गाभण मेंढीने गर्भधारणेच्या चौदाव्या दिवसाच्या सुमाराला ती खाल्ली की कोकरू एकाक्ष व्हायचं. त्यातल्या विषारी द्रव्याला राक्षसावरूनच सायक्लोपामीन हे नाव मिळालं. ते नेमकं काय करतं, हे कळायला १९९० चं दशक उजाडलं.

आणि इथे जे कळलं ते मला प्रत्येक वेळी थक्क करतं. गर्भात डोळे सुरुवातीला दोन नसतातच. डोळे बनवणाऱ्या पेशींचा मधोमध एकच सलग पट्टा असतो. मग त्याच्या खालच्या ऊतींमधून सॉनिक हेजहॉग नावाचं एक प्रथिन पाझरतं, त्याचा संदेश पट्ट्याच्या मध्यभागी पोचतो, तिथल्या पेशी डोळा होण्याचं सोडून देतात आणि पट्ट्याचे दोन भाग होतात. सायक्लोपामीन हा संदेश पेशींना ऐकूच येऊ देत नाही. पट्टा दुभंगत नाही, डोळा एकच राहतो. म्हणजे मी, तुम्ही, कणा असलेला दोन डोळ्यांचा प्रत्येक प्राणी आयुष्याच्या अगदी सुरुवातीला एकाक्षाच्या वाटेवरूनच पुढे आलेला असतो. हाच संदेश काही कर्करोगांमध्ये नको तितका चालू राहतो आणि पेशी वाढत सुटतात. तो रोखणारं विस्मोडेगिब हे औषध त्वचेच्या एका कर्करोगासाठी अमेरिकेत २०१२ साली मंजूर झालं. त्याचा माग थेट त्या कोकरांपर्यंत जातो.

रक्तबीजाकडेही असंच पाहता येतं. रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा रक्तबीज उभा. प्लॅनेरिया नावाचे चपटे कृमी साठलेल्या पाण्यात, दगडांखाली सापडतात, आणि त्यांचे तुकडे केले तर प्रत्येक तुकड्याचा नवा कृमी होतो. थॉमस हंट मॉर्गन यांनी १८९८ साली दाखवलं की मूळ शरीराचा २७९ वा भागही पुरतो. डोकं, डोळे, आतडं सगळं पुन्हा घडतं. फरक एवढाच की तुकड्यातलं वस्तुमान तेवढंच राहतं, त्यामुळे नवा कृमी आधी चिमुकला असतो. थेंबातून पूर्ण वाढीचा असुर उभा करायचा तर बाकीचं द्रव्य आणायचं कुठून, हा प्रश्न उरतोच. या कृमींच्या अंगभर विखुरलेल्या मूळ पेशींवर सगळी भिस्त असते. विकिरणाने त्या मारल्या की कृमी पुन्हा वाढू शकत नाही. २०११ साली अशा मरणपंथाला लागलेल्या कृमीत दुसऱ्याची फक्त एक मूळ पेशी सोडण्यात आली, आणि तिने सगळा कृमी पुन्हा उभा केला. एक पेशी! रक्तबीज रचणाऱ्याला हे ऐकवायला मिळालं असतं तर किती मजा आली असती.

ड्रॅगनच्या आगीच्या जवळ जाणारा खरा प्राणी आहे बॉम्बार्डियर भुंगेरा. लांबी एखाद-दोन सेंटिमीटर. त्याच्या पोटात दोन कप्पे असतात. एकात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रोक्विनोन साठवलेलं, दुसऱ्यात विकरं. शत्रू जवळ आला की साठा दुसऱ्या कप्प्यात ढकलला जातो, भडका उडाल्यासारखी रासायनिक क्रिया होते आणि सुमारे १०० अंश सेल्सिअसचा झोत फटफटत बाहेर पडतो. हा झोत सलग नसतो, सेकंदाला पाचशेच्या आसपास स्फोट होतात, आणि त्या अधल्यामधल्या क्षणांत कप्पा थोडा निवतो. बेडकाने गिळल्यावरही हा भुंगेरा आतून झोत सोडतो आणि कित्येक बेडूक त्याला ओकून टाकतात. ज्वाला नसली तरी पराक्रम ड्रॅगनला शोभेल असाच.

या सगळ्यात जोडकामाच्या नियमाला खरंच हरवेल असा प्राणी १७९९ साली ब्रिटिश म्युझियममधल्या जॉर्ज शॉ यांच्या हाती आला. ऑस्ट्रेलियातून आलेलं ते वाळवलेलं कातडं बीव्हरसारखं केसाळ आणि त्याला बदकाची चोच! कुणीतरी चोच शिवली असावी अशी शंका त्यांना आली आणि त्यांनी ती लिहूनही ठेवली. मला ती शंका अगदी रास्त वाटते, कारण तोवर जगभर दिसलेले असे प्राणी एक तर कथांतले होते नाहीतर शिवलेले. पण प्लॅटिपसला कुठेही टाका नव्हता. ती चोच बदकाची नाहीच. ती मऊ, ओलसर कातडीची आहे आणि तिच्यात विजेची जाणीव होणारे सुमारे चाळीस हजार संवेदक आहेत. गढूळ पाण्यात डोळे आणि कान मिटून हा प्राणी भक्ष्याच्या स्नायूंमधली वीज टिपत शिकार करतो. तो अंडी घालतो हे १८८४ साली पक्कं झालं. पिल्लं दूध पितात, पण आईला स्तनाग्रं नसतात, दूध कातडीतून पाझरतं. नराच्या मागच्या पायांवर विषारी काटे असतात. आणि २०२० साली आणखी एक गोष्ट नोंदली गेली. अतिनील प्रकाशात प्लॅटिपसची तपकिरी लव निळसर हिरवी चमकते.