किशोरवयीन मुलांमधील स्तनवृद्धी

वयात येताना मुलाच्या एका किंवा दोन्ही स्तनाग्रांखालची स्तनग्रंथी वाढते, त्या अवस्थेला पुंस्तनवृद्धी म्हणतात. दवाखान्यात ‘गायनेकोमास्टिया’ हा शब्द अधिक चालतो. निरनिराळ्या पाहण्यांचे आकडे बरेच वेगळे असले, तरी वयात येणाऱ्या निम्म्याच्या आसपास मुलांत ती कमी-अधिक प्रमाणात दिसते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे वर्गातल्या बाकावर शेजारी-शेजारी बसलेली दोन मुले एकाच चिंतेत असू शकतात आणि दोघांनाही वाटते की हे फक्त आपल्यालाच झाले आहे.

इस्ट्रोजेन हे संप्रेरक पुरुषाच्या शरीरातही तयार होते. त्याचा काही भाग थेट वृषणांतून येतो, पण बराचसा अरोमाटेज नावाच्या विकरामुळे पुरुषी संप्रेरकांपासून बनतो आणि हे रूपांतर चरबीतही होते. पौगंडावस्थेच्या मध्यावर टेस्टोस्टेरॉन हे मुख्य पुरुषी संप्रेरक अजून प्रौढ पातळीला पोहोचलेले नसते, इस्ट्रोजेनचा प्रभाव त्या मानाने जास्त असतो आणि स्तनग्रंथी त्याला प्रतिसाद देते. सुरुवात बहुधा १० ते १३ वर्षांच्या दरम्यान होते, १३-१४ व्या वर्षी वाढ सर्वाधिक दिसते. पुढे टेस्टोस्टेरॉन वाढले की ग्रंथी ओसरू लागते. बहुतेकांत सहा महिने ते दोन वर्षांत ती दिसेनाशी होते. १७ वर्षांनंतरही ती टिकून राहते अशी मुले थोडीच.

सुरुवातीच्या काळात ती जागा हुळहुळी असते, शर्ट घासला तरी दुखते. दोन्ही बाजू सारख्याच वाढतील असे नाही. तपासताना मुलाला उताणे झोपवून हात डोक्यामागे घ्यायला सांगतात आणि अंगठा व तर्जनी दोन्ही बाजूंनी स्तनाग्राकडे सरकवत नेतात. खरी ग्रंथी असेल तर स्तनाग्राच्या बरोबर खाली रबरासारखी लवचीक चकती लागते. नुसती चरबी असेल तर बोटांना काहीच अडत नाही. हा फरक कळणे फार महत्त्वाचे आहे, कारण वजन उतरले की चरबी कमी होते. ग्रंथी व्यायामाने विरघळत नाही. छातीचे स्नायू कमावले तरी ती त्यांच्यावर जशीच्या तशी राहते. काही मुलांत दोन्ही गोष्टी एकत्र असतात.

शरीराला सहसा धोका नसला, तरी मनाला होणारा त्रास खरा असतो. खांदे पुढे झुकवून बसणे, ऐन उन्हाळ्यात ढगळे जॅकेट घालणे, पोहायला किंवा खेळायला जाणे अचानक सोडणे, ही त्याची लक्षणे. घरच्यांनी केलेली चेष्टासुद्धा मुलाला गप्प करते. मग तो मनानेच पावडरी आणि गोळ्या मागवतो. त्यांत छुपी संप्रेरके असली तर वाढ आणखी होते. स्नायू फुगवण्यासाठी घेतलेली स्टेरॉइड्स हे तर तिचे ओळखीचे कारण आहे.

थोड्या मुलांत मागे दुसरा आजार असतो. वयात येण्याची इतर चिन्हे नसतानाच छाती वाढणे, वाढ झपाट्याने होणे, स्तनाग्रातून स्राव येणे, वृषणात गाठ लागणे किंवा वृषणे वयाच्या मानाने फार लहान असणे, अशा वेळी डॉक्टरांना लवकर दाखवावे. थायरॉइडचा अतिस्राव, यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे विकार, वृषण वा अधिवृक्क ग्रंथीतील (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतील) अर्बुद म्हणजे गाठ आणि क्लाइनफेल्टर सिंड्रोम यांचा विचार केला जातो. क्लाइनफेल्टरमध्ये मुलाला एक एक्स गुणसूत्र जास्त असते. हॅरी क्लाइनफेल्टर यांनी १९४२ मध्ये त्याचे वर्णन केले. स्पायरोनोलॅक्टोन, किटोकोनॅझोल, रिस्पेरिडोन या औषधांनीही छाती वाढू शकते, म्हणून चालू असलेले प्रत्येक औषध डॉक्टरांना सांगावे. स्वतःहून मात्र बंद करू नये. या वयात स्तनाचा कर्करोग अत्यंत दुर्मीळ आहे. बाकी सगळे ठीक असेल तर रक्ताच्या तपासण्यांची रांग लावण्याचे कारण नसते.

उपचारांत सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. बहुसंख्य मुलांना समजावून सांगणे आणि दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणे पुरते. मात्र वाढ साधारण वर्षभर टिकली की ग्रंथीत तंतुमय ऊतक तयार होते आणि मग औषधांचा फारसा उपयोग होत नाही. त्यामुळे वाढ मोठी, दुखरी आणि मुलाला फार त्रासदायक असेल, तर अंतःस्रावतज्ज्ञ सुरुवातीच्या काळातच टॅमॉक्सिफेन काही महिने देतात. त्याने दुखणे आणि आकार कमी होऊ शकतो. पण हे औषध मुळात दुसऱ्या आजाराचे, तेव्हा ते देखरेखीशिवाय घेऊ नये. अरोमाटेज रोखणारे अ‍ॅनास्ट्रोझोल मात्र २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

शस्त्रक्रियेची घाई उलट अंगाशी येते. वाढीचे वय संपण्याआधी ग्रंथी काढली, तर उरलेला भाग पुन्हा वाढू शकतो. म्हणून शक्यतो वाढ पूर्ण होऊन स्थिती स्थिरावेपर्यंत थांबतात. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने छेद घेऊन ग्रंथी काढतात, म्हणजे व्रण लपतो. चरबी असल्यास ती शोषून घेतात. स्तनाग्राखाली पातळसा थर मुद्दाम ठेवतात, नाहीतर तिथे खळगा पडतो. नंतर काही आठवडे छातीवर घट्ट दाबपट्टा वापरावा लागतो. रक्त किंवा पाणी साचणे, स्तनाग्राची संवेदना कमी होणे, दोन बाजूंत थोडा फरक राहणे, हे धोके शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला स्वतःला सांगायला हवेत, फक्त आईवडिलांना नव्हे.